‘भि’ आणि ‘भिं’

१४ सप्टें., रवि.

मुलुंड. आत्याकडे. सकाळी तिने चटणीसाठी पाटा काढला आणि बाबांना म्हणाली, "दादा, तो वरवंटो दी रे जरा." बाबा वरवंट्याकडे बघत राहिले. मग उठून बाहेर जिन्यात जाऊन उभे राहिले. आत्याने पाटा परत ओट्याखाली सरकवला, मिक्सर लावला.

जुलैपासून बाबा दगडाला हात लावत नाहीत. पंचवीसेक वर्षं गवंडीकाम केलेला माणूस.

घाटकोपरला आमच्या घरामागे डोंगर. डोंगर आणि घर यांच्यात बाबांनी स्वतः बांधलेली भिंत. अंधेरीत इमारतीच्या पायाचं खोदकाम चालू होतं, बाबा तिथे कामाला होते. तिथले दगड टेम्पोतून आणून बांधली. जुलैत डोंगराचा उतार खाली आला, भिंतही आली, आणि एक दगड पत्रा फोडून मोरीत आला. आई मोरीत होती.

लोकांनी दगड बाजूला केला तेव्हा बाबा म्हणाले, "तो धोंडो माझोच." तेव्हापासून एवढंच म्हणतात. आजही जिन्यातून आत आले आणि तेच.

आत्या : "तुझो कसो? डोंगराक काय धोंडे कमी आसत?"
बाबा : "माका कळता."

मी जेवलो. भाजी कसली होती आठवत नाही.


१७ सप्टें.

काम. केतकीताईचे दगड आले. ती घाटकोपर, पवई, मुलुंडच्या डोंगरांवर पीएच.डी. करते आहे. दगड गोळा करून आमच्याकडे पाठवते. आमच्याकडे म्हणजे पास्कल अंकलच्या गाळ्यात, अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. आम्ही दगडाचा तुकडा कापतो, काचेच्या पट्टीवर चिकटवतो आणि घासत राहतो, इतका की त्यातून उजेड आरपार जातो. याला सेक्शन म्हणतात. मी बारावीनंतर एक वर्ष कॉलेज केलं, पुढे जमलं नाही. सेक्शन जमतं.

ताई स्वतः आली होती. मॅडम म्हटलं की चिडते. "मॅडम काय रे, मी काय तुझी वर्गशिक्षिका आहे?"

ती मायक्रोस्कोपला बसली होती तेव्हा विचारलं, दोन काळे दगड दिसायला अगदी एकसारखे असतील तर ते कुठले ते ओळखता येतात का.

"डोळ्यांनी नाही. पायरॉक्सीन बघायचं."

पायरॉक्सीन (‘सी’ दीर्घ, तिच्या पुस्तकात पाहिलं) हे दगडातलं एक खनिज. लाव्हा थंड होताना त्याचे कण धरतात. त्या वेळी रसात लोह किती, मॅग्नेशियम किती, टायटॅनियम किती, त्याप्रमाणे कणात ते उतरतं. दुसऱ्या रसातून आलेला दगड असेल तर आकडे वेगळे. ते मोजायचं मशीन असतं. ताई म्हणाली, "आपण आडनाव ऐकून गाव ओळखतो ना, तसं समज. फसतो कधी कधी. पण बरेचदा बरोबर निघतं."

मी विचारलं, आणि दगड तिथून नंतर कुठे गेला, कोणी नेला, ते?

"ते कसं कळणार? जन्म कुठला ते कळतं. पुढचं त्याला विचार."

हसली. मीही हसलो असेन.


१८ सप्टें.

रात्री झोप लागली. दिवसा मात्र तेच डोक्यात. मशीनने ठरवता येईल. दगड डोंगराचा निघाला तर बाबांना सांगता येईल.

आणि अंधेरीचा निघाला तर


२१ सप्टें., रवि.

घाटकोपरला जाऊन आलो. घराच्या जागी पट्टी लावली आहे, आत जाऊ नये म्हणून. गेलो. पा. अंकलचा हातोडा नेला होता.

भिंतीचा डावा कोपरा अजून उभा आहे. वरच्या थरातून एक तुकडा काढला. तो अंधेरीचा, नक्की. वरचे थर रचताना मी स्वतः दगड हातात दिले होते.

मोरीतला दगड तिथेच आहे, बाजूला लोटलेला. आडव्या गॅस सिलिंडरएवढा. एका अंगाला जुना पांढरा रंग लागला आहे, मोरीच्या भिंतीचा. त्या अंगाचा घेतला नाही. दुसऱ्या बाजूने घेतला.

वर कड्यात ताईने फोटोत दाखवलेला काळा पट्टा आहे, उभा. डोंगरातून खालून वर चिरत आलेला लाव्हा. त्यातून सुटलेले दगड उतारावर पडलेले असतात, त्यातला एक घेतला. तीन पिशव्या, तीन चिठ्ठ्या.

दहाव्याला गुरुजींनी जीवखडा हातात दिला होता. तेव्हा मी पाहिलं की हा बेसॉल्ट आहे का. होता. त्या दिवसाचं तेवढंच आठवतं.

हात दुखतोय. हातोडा उद्या परत.


२३ सप्टें.

ताईला सांगितलं. सगळं नाही, पण पुरेसं. ती म्हणाली, "मशीन आपल्याकडे नाहीये. माझे नमुने बाहेर जाणार आहेत, त्यात तुझे तीन घालते. पण निलेश, उत्तर नकोसं आलं तर?"

"येऊ दे."

असं म्हणालो खरं.

पा. अंकल मागून : "क्या रे निल्या, आपल्याच घरचं पार्सल पाठवतोस?" मग एकदम, "सॉरी, सॉरी. जीभ आहे ना माझी, ब्रेक नाय तिला." ते गोराईचे. रोज बोटीने येतात, डब्यात सुकट. मला अर्धी दिली.


२६ सप्टें.

नावं ठरवली. काचेच्या कडेला हिऱ्याच्या टोकाने कोरावं लागतं, जागा कमी, म्हणून अक्षरं कमीत कमी.

पडलेला दगड : प
बाबांची भिंत : भिं
डोंगरातला पट्टा : त्याला मराठीत भित्ती म्हणतात, ताईच्या जुन्या पुस्तकात आहे. म्हणून : भि

डोंगरातही भिंतच. शब्द एकच असावा मुळात. अनुस्वाराचा फरक. शाळेत बाई प्रत्येक सुटलेल्या अनुस्वाराचा मार्क कापायच्या, माझा कधी कापला नाही. टिंब नीट खोल कोरलं. भिंगातून पाहिलं. स्पष्ट आहे.

दोन्ही ऱ्हस्व. दीर्घ केलं असतं तर भीती झाली असती.


३० सप्टें.

आज ‘प’ घासला.

काळा दगड. पावडर आणि पाणी, काचेवर गोल गोल, इंग्रजी आठाच्या आकारात. आधी करडा चिखल. मग कडा उजळतात. मग मधला भाग. घाई केली तर कण सुटून जातात, म्हणून घाई केली नाही. मायक्रोस्कोपखाली ठेवला, फिल्टर फिरवला. पांढऱ्या-करड्या काड्या आणि मध्ये मध्ये पायरॉक्सीनचे कण, पिवळे, निळे, नारिंगी.

पा. अंकलनी डोळा लावला. "ओ हो! चर्चची खिडकी रे ही. बघ ना."

पाहिलं. रंग बरोबर होते. जाडी बरोबर होती.

ते माझ्याकडे बघत होते. "रडायचं तर रड ना यार. गाळा आपलाच आहे."

रडू आलं नाही. पॉलिश उद्या.


४ ऑक्टो.

तिन्ही स्लाइड्स पॉलिश झाल्या. ताईने नेल्या, डब्यात तिच्या इतर स्लाइड्सबरोबर. मी म्हटलं, नावं कडेला आहेत. म्हणाली, "दिसली. तुझं अक्षर छापल्यासारखं आहे."


९ ऑक्टो.

बाबांचे जुने मुकादम आत्याकडे आले होते. भांडुपला कंपाउंडचं काम आहे, दगडी. "तुझ्याएवढा हात नाय रे कुणाचा. ये." बाबा म्हणाले, "माझ्या हाताचा काय ता तुका म्हायत नाय." मुकादम चहा अर्धा ठेवून गेले.

आत्या मला ओट्याजवळ : "झिला, तू त्या मशीनचा काय ता केलंस, ता दादाक सांगितलंस?"
"नाही."
"सांगू नको. आधी येऊ दे. आणि मशीन काय सांगात ता सांगू दे. तू काय सांगतलंस ता बघ."

मी म्हटलं, जे येईल ते.
"गाढव आसस," ती म्हणाली आणि कांदा चिरायला लागली.


२१ ऑक्टो.

लक्ष्मीपूजन. कंदील नाही. बाबा म्हणाले, लाव. आत्या म्हणाली, नको. शेजारच्यांनी चकल्या आणून दिल्या. खाल्ल्या. कुरकुरीत होत्या.


२ नोव्हें., रवि.

काही नाही. आईचं एक पातेलं ढिगाऱ्यातून मिळालं होतं, ते आत्या दुधाला वापरते. आज लक्षात आलं.


२० नोव्हें.

आकडे आले.

ताई गाळ्यात आली, मोबाइलवर तक्ता. पा. अंकलनी दगड कापायची मशीन बंद केली. एखाद्या खास दगडासाठीही ते कधी बंद करत नाहीत.

ताईने आधी समजावलं. प्रत्येक कणात मधोमध एकदा मोजायचं, कडेला एकदा, कारण कण बाहेरच्या बाजूला वाढत जातो तसं लोह वाढतं. मधल्याची मधल्याशी तुलना करायची. मग टायटॅनियम, अ‍ॅल्युमिनियम. तिने आलेख काढला होता. ठिपक्यांचे दोन घोळके. एका घोळक्यात ‘प’ आणि त्याच्यात पूर्ण मिसळलेला दुसरा नमुना. तिसरा बराच लांब.

"इतकं स्वच्छ सहसा येत नाही," ताई म्हणाली. "पडलेला दगड आणि हा एकाच रसातले. शंभर टक्के म्हणणार नाही, पण म्हणेन."

मी विचारलं, हा म्हणजे कुठला?

तिने तक्ता वर सरकवला. नावं इंग्रजीत होती. पी. बीएचआय. बीएचआय-दोन. ‘प’ जुळत होता तो बीएचआय-दोनशी.

मी पुन्हा विचारलं, बीएचआय-दोन म्हणजे कुठला.

ती माझ्याकडे बघायला लागली. मग मोबाइलकडे. "म्हणजे... दोन्ही भि होते ना? मशीनला मराठी चालत नाही, मी यादी टाइप केली. मला वाटलं एकाच जागेचे दोन नमुने, म्हणून दुसऱ्याला दोन लावलं."

"एकावर अनुस्वार होता."

"कशावर?"

"भिंतीवर. भित्तीवर नाही."

पा. अंकल हळूच म्हणाले, "वाट लागली."

ताईचे डोळे भरले. "मी एकदा विचारायला हवं होतं रे. टिंब मला कचरा वाटला असेल काचेवरचा." मी म्हटलं, चूक माझी, एकसारखी दोन नावं ठेवली. हे खरं आहे. मला त्या टिंबाचा फार अभिमान वाटला होता.

मी विचारलं, "यादी करताना कुठला आधी ठेवला होता ट्रेमध्ये?" "नाही आठवत. शपथ."

स्लाइड्स मशीनवाल्यांकडेच आहेत, बाकीच्या नमुन्यांचं काम संपलं की परत येतील. डबीवर त्यांनी यादीतलं नाव घातलेलं असतं. बीएचआय-दोनची डबी उघडायची आणि टिंब आहे का बघायचं. एवढंच.

म्हणजे उत्तर आलेलं आहे. मला वाचता येत नाही.


२१ नोव्हें.

नख तुटलं अंगठ्याचं. घासताना.


२३ नोव्हें., रवि.

आत्याच्या पोटात काही राहत नाही. बाबांना कळलं. मला वाटलं ओरडतील. जेवताना म्हणाले, "तुझ्या त्या मशीनमध्ये आयेचो धोंडो घातलंस?"

हो म्हटलं.

"मग? काय म्हणता?"

"अजून यायचंय."

आमटी वाढून घेतली त्यांनी. बऱ्याच दिवसांनी दुसऱ्यांदा घेतली.


५ डिसें., शुक्र.

डबा आला. ताईचं काम शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं, तिने गाळ्यावर पाठवला आणि फोन केला. "बघितलंस?" नाही म्हटलं. "बघितल्यावर सांग. नाही सांगितलंस तरी चालेल."

बीएचआय-दोनची डबी उघडली. स्लाइडवर कार्बनचा थर असतो, मशीनसाठी देतात, त्यामुळे काळपट तपकिरी दिसते. आणि एका कडेला काळी चिकटपट्टी. हीसुद्धा मशीनसाठी, काच पकडीला जोडायला. नेमकी माझ्या अक्षरांवर चिकटवली आहे.

पा. अंकल : "काढू?"
"नको."
"नको म्हणजे आज नको की कधीच नको?"

डबी बंद केली. ‘प’ आणि दुसरी होती, त्याही आपापल्या डब्यांत. दुसरीवरही पट्टी. तीही नाही पाहिली. ती पाहिली तरी कळेलच म्हणा.

"तू ना," अंकल म्हणाले, "दुसऱ्यांचे दगड पारदर्शक करतोस आणि स्वतः..." पुढचं बोलले नाहीत. सुकट काढली.


७ डिसें., रवि.

आज बाबांना खोटं सांगितलं.

संध्याकाळी. आत्या मिक्सरवर नारळ काढत होती. बाबा खुर्चीत. मला म्हणाले, "इला काय तुझा ता?"

आलं म्हटलं.

"मग?"

"डोंगराचा आहे. कड्यात काळा पट्टा आहे ना उभा, त्यातला. भिंतीचा नाही."

मी पाहिलेलं नव्हतं. पट्टी तशीच होती. आत्या जे म्हणाली होती, मी काय सांगणार ते बघ, ते मनात आलं आणि तोंडातून निघालं. सरळ वाक्य होतं, अडखळलो नाही.

बाबा मग म्हणाले, "म्हणजे तळातलो."

"काय?"

"भिंतीच्या तळात डोंगराचेच धोंडे घातलंय मी. अंधेरीचे पुरले नाय. वर त्या काळ्या पट्ट्याखाली मोठे मोठे पडले होते, ते ओढून आणलंय. तू तेव्हा लहान, शाळेत होतंस. तळाक मोठोच धोंडो लागता." दोन्ही हात पसरून माप दाखवलं. साधारण सिलिंडरएवढं.

वर मी होतो, दगड हातात देत होतो, म्हणून मला वाटलं सगळी भिंत अंधेरीची. तळ मी पाहिलाच नव्हता.

म्हणजे डोंगराचा निघाला तरी सुटका नाही. आणि अंधेरीचा निघाला तर प्रश्नच नाही.

मिक्सर बंद झाला होता. आत्या झाकण धरून उभी.

मग बाबा बोलायला लागले. जुलैनंतर एवढं सलग पहिल्यांदा. तळाचे दगड कसे ओढले, दोरी लावून. चुना नव्हता, सिमेंट थोडं. दगड हलायला नको म्हणून फटीत कपच्या ठोकायच्या. "कपच्यो तुझी आयच देय होती. तुका पाळण्यात घालून येय. माका सांगूची गरज नाय, फट बघून बरोबर मापाची देय. मी म्हणय, गो तू गवंडी होऊक व्हयी होतंस. तर म्हणाली, आसयच. अर्धी भिंत माझी."

आत्या : "तिचाच तोंड ता." आणि पदर डोळ्यांना.

बाबांनी विचारलं, "मशीनमध्ये घातलंस ता किती मोठा होता?"
"कपचीच होती. कागदाहून पातळ."
"आण घरी. बघू दे."

मी आणतो म्हटलं. एकदा म्हणाले ‘तू लहान, शाळेत’, एकदा ‘पाळण्यात’. कुठलं खरं, विचारलं नाही. तळ आधी, वरचं नंतर कधीतरी, अनेक वर्षं चाललं असेल.


८ डिसें.

गाळ्यात पा. अंकल : "नेतोस तर थर तरी पुसून ने रे. म्हाताऱ्याला काय काळं दाखवणार?"

थर पुसायला अर्धं मिनिट लागतं. पुसला नाही. थर पुसायचा तर पट्टी काढावी लागते.

बीएचआय-दोनची डबी रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात. मुलुंडपर्यंत हात खिशावर.

बाबांना दिली. त्यांनी कडेने धरली, नीट, बोट मध्ये लागू न देता. कोणी शिकवलं नव्हतं. ट्यूबलाइटकडे धरली.

"काय दिसत नाय."
"वर थर आहे. पुसला की रंग दिसतात."
"आणि ह्या काय?" पट्टी.
"खाली नाव आहे. दगडाचं. आपला ज्याच्याशी जुळला तो भिंतीचा की डोंगराचा ते."
"तू तर म्हणालंस डोंगराचो."

मी पट्टीकडे बघत होतो. खालच्या मजल्यावर कोणीतरी प्रेशर कुकर लावला होता.

बाबा रागावले नाहीत. मान हलवली, नुसती, जसं एखादा दगड बसला नाही की हलवायचे. मग अंगठ्याचं नख पट्टीच्या कोपऱ्याखाली घातलं. त्यांच्या नखात अजून सिमेंट आहे, निघतच नाही. नख तसंच ठेवून मला म्हणाले,

"तुका बघूचा आसा?"

हो आणि नाही दोन्ही तयार होते, तोंड उघडलं तर कुठलंही आलं असतं.

"माकाय तसाच," ते म्हणाले.

स्लाइड आत्याच्या मांडणीवर आहे, आईच्या पातेल्याशेजारी. आत्ता जाऊन पाहून आलो. पट्टीचा एक कोपरा उचललेला आहे. तेवढाच.